बॉम्बर विमानाच्या टरेटचा सुटा भाग हाती आला, तर ओळखायचा कसा?

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मोटारीच्या गिअरबॉक्सांच्या ढिगाशेजारी अॅल्युमिनियमची एक काळपट पेटी पडलेली दिसली. दोन बाजूंना नळ्या जोडायची तोंडं होती आणि त्यांत कुणीतरी लाकडी बुचं ठोकली होती. विकणारे काका म्हणाले, "तोफेचं आहे साहेब, जपानी." पेटीच्या झाकणाचा एक बोल्ट सैल होता. तीस वर्षं टूलरूममध्ये काढल्यामुळे खिशात पिच गेज, म्हणजे बोल्टचे आटे मोजायच्या पात्यांचं साधन, असतंच. पाव इंची बोल्ट, इंचाला २८ आटे. वस्तू जपानी नाही, एवढं तिथेच ठरलं. घरी आणून साबणाच्या कोमट पाण्याने हळूहळू पुसत गेलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी रंगाखालून एक पट्टी वर आली: टाइप ए-६बी, मोटर प्रॉडक्ट्स कॉर्पोरेशन. बी-२४ लिबरेटर या अमेरिकन बॉम्बरच्या शेपटीत जे टरेट बसायचं, त्याचा तो भाग होता.

त्यानंतर मुलीकडे इंग्लंडला जाणं झालं. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारांत आणि संग्रहालयांत फिरताना असे बरेच तुकडे हाताळायला मिळाले. आता ओळखीपाळखीतून लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे काय आहे?" दर वेळी तीच उत्तरं द्यावी लागतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहितो आहे.

आधी टरेट म्हणजे काय ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांना नाकात, पाठीवर, पोटाखाली किंवा शेपटीत फिरणारा घुमट असायचा. त्यात गनर बसे आणि दोन किंवा चार मशीनगन घेऊन अख्खा घुमट गरागरा फिरवी. वाऱ्याचा जोर इतका असायचा की हाताच्या ताकदीने बंदूक वळवणं अशक्य होतं. म्हणून तेलाचा दाब किंवा विजेची मोटर वापरावी लागली. एका टरेटमध्ये पंप, झडपा, दातेरी चक्रं, वीजजोडण्या, खुर्ची, काच, गोळ्यांच्या वाटा असा शेकडो भागांचा संसार असतो. त्यामुळेच बाजारात अखंड टरेट क्वचित दिसतं, त्याचे तुकडे मात्र सापडतात.

हात लावण्याआधी

ही पायरी कुणीही गाळू नये. आत काडतूस अडकलेलं नाही ना, हे सगळ्यात आधी बघा. गोळ्यांच्या वाटा, बंदुकीच्या बैठका, मातीने भरलेल्या खोबणी यांत जिवंत काडतूस राहिलेलं असू शकतं. तसं वाटलं तर वस्तू हलवू नका, तिथल्या पोलिसांना कळवा.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी त्या काळी रेडियमचा रंग वापरत. आता तो चमकत नसला तरी त्याचा किरणोत्सर्ग तसाच असतो. पिवळट-तपकिरी पोपडे आलेली डायल किंवा स्विचची पट्टी खरवडू नका, तोंडाने फुंकर मारू नका. बोल्टवर सोनेरी किंवा करड्या छटेचा मुलामा दिसला तर तो कॅडमियमचा असू शकतो. तो घासून किंवा तापवून काढणं विषारी असतं. काही ओतीव भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. हातात घेतल्यावर अॅल्युमिनियमपेक्षाही हलके लागतात आणि त्यांवर पांढरी पूड धरलेली असते. त्यांना ग्राइंडर लावू नका. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. आपल्याकडच्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोडतात. त्यामुळे नळी, ब्रीच (नळीचा मागचा, काडतूस बसतो तो भाग) असं काही विकत घेऊ नका. टरेटचा यांत्रिक भाग वेगळा आणि बंदूक वेगळी. ब्रिटनमध्ये १९८६ च्या प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स अॅक्टनुसार पडलेल्या लष्करी विमानाची जागा परवान्याशिवाय खणता येत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं त्या युद्धात गेली. शेतात सापडलेला तुकडा हे कुणाचं तरी शेवटचं ठिकाण असू शकतं.

घासू नका, आधी फोटो काढा

नवखे लोक इथेच चुकतात. वस्तू घरी येते, वायर ब्रश निघतो आणि संध्याकाळपर्यंत चकचकीत झालेल्या धातूवरून सगळी माहिती पुसली गेलेली असते. रंगाचे थर, शाईचा शिक्का, तपासनिसाचा नखाएवढा ठसा, हे सगळं वरच्या पापुद्र्यातच असतं. सहाही बाजूंनी, तिरप्या उजेडात फोटो काढा. टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरली की खोदलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. मग कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, आणि धीर.

आटे मोजा

माझ्या मते ओळखीची सुरुवात इथून व्हावी, कारण पट्टी खोटी लावता येते, आटे सहसा कुणी बदलत नाही. पिच गेज आणि व्हर्नियर एवढंच लागतं.

त्या काळच्या ब्रिटिश वस्तूंवर बारीक आट्यांसाठी बीएसएफ आणि छोट्या स्क्रूंना बीए पद्धत असे. अमेरिकन वस्तूंवर बारीक आट्यांसाठी एनएफ आणि जाड आट्यांसाठी एनसी. पाव इंची बोल्टला ब्रिटिश बीएसएफमध्ये इंचाला २६ आटे, अमेरिकन एनएफमध्ये २८. ५/१६ इंचाला ब्रिटिश २२ तर अमेरिकन २४. ३/८ इंचाला ब्रिटिश २० तर अमेरिकन २४. जाड आट्यांत मात्र फसायला होतं. पाव इंचाला दोन्ही देशांत २० आटे आहेत. तिथे कोन बघावा लागतो. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन ६० अंशांचा. गेज आट्यांत बसवून खिडकीच्या उजेडासमोर धरा. पात्याच्या कडेने बारीक फट दिसली तर कोन जुळत नाही. जर्मन आणि जपानी विमानांवर मिलिमीटरचे आटे असतात.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. २८ आट्यांचा पाव इंची बोल्ट युद्धकाळातल्या जीपलाही असतो. आटे देश सांगतात, विमान सांगत नाहीत.

दात मोजा

टरेट फिरायचं म्हणजे कुठेतरी मोठं दातेरी कडं आणि त्यात अडकणारं छोटं चक्र आलंच. असं चक्र हाती लागलं तर दात मोजा आणि बाहेरचा व्यास घ्या. दातांच्या संख्येत २ मिळवून त्याला इंचांतल्या व्यासाने भागायचं. उत्तर पूर्ण आकड्याजवळ आलं तर चक्र इंच पद्धतीचं, म्हणजे ब्रिटिश किंवा अमेरिकन. समजा दात ३० आणि व्यास बरोबर २ इंच. ३२ भागिले २ म्हणजे १६. झालं, इंची चक्र. तेच चक्र जर्मन असतं आणि दीडचं मोड्यूल (मिलिमीटर पद्धतीत दाताचा आकार सांगणारा आकडा) असतं, तर ३० दातांना बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर भरला असता. झिजलेल्या दातांना थोडी सूट द्या, दोन-तीन ठिकाणी माप घ्या.

ठसे आणि पट्ट्या

ब्रिटिश भागांवर मुकुट आणि त्याखाली ए.एम. अक्षरं दिसली तर ते एअर मिनिस्ट्रीचं, म्हणजे ब्रिटिश हवाई खात्याचं, चिन्ह. सामानाच्या क्रमांकात तिरप्या रेघेच्या आधीचा भाग गट सांगतो. ६ए म्हणजे उपकरणं, ५सी म्हणजे विजेचं सामान, १०ने सुरू होणारे रेडिओचे, ८बी म्हणजे नेम धरायची साधनं. नटबोल्ट-वायसरसारख्या बारीकसारीक भागांवर एजीएस ही अक्षरं असतात. विमानाच्या सांगाड्यातल्या तुकड्यावर ६८३ हा आकडा आला तर लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बरचा विचार करा, कारण एव्हरो कंपनीत लँकेस्टरला टाइप ६८३ म्हणत. ६७९ दिसला म्हणून लँकेस्टर बाद होत नाही. लँकेस्टर ज्या मँचेस्टर विमानातून घडलं त्याचा हा क्रमांक, आणि त्याचे बरेच भाग पुढे तसेच वापरले गेले.

अमेरिकन पट्टी सहसा जास्त बोलकी असते. टाइप, बनवणाऱ्याचं नाव, कंत्राट क्रमांक सगळं एका जागी. डब्ल्यू५३५-एसी किंवा डब्ल्यू३३-०३८-एसी असा कंत्राटाचा आरंभ दिसला तर ते लष्करी हवाई खात्याचं काम. प्रमाणित भागांवर एएन अक्षरं येतात. बनवणाऱ्याच्या नावावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. माझ्याच पेटीचं बघा. ए-६ टरेटची मूळ रचना कन्सॉलिडेटेडची, पण माझ्या पट्टीवर नाव मोटर प्रॉडक्ट्सचं. अमेरिकन बी-१७ बॉम्बरच्या पोटाखालचं गोल टरेट स्पेरीने रचलं आणि ब्रिग्ज कंपनीने मोठ्या संख्येने बनवलं. युद्धात एकाची रचना आणि दुसऱ्याचा कारखाना ही रोजची गोष्ट होती.

ताकद कुठून येत होती, ते शोधा

आटे-ठशांवरून देश कळला की पुढचा प्रश्न हाच. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उलगडा इथे होतो. टरेट फिरतं आणि विमानाचं धड स्थिर असतं. मग ताकद या सांध्यातून पलीकडे जाते कशी? या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कंपनीने वेगळं काढलं होतं आणि त्याची खूण भागाभागावर उमटलेली असते.

फ्रेझर-नॅश टरेट ग्लॉस्टरशरमधल्या येट गावी पार्नल कंपनीत बनत. त्यांचा पंप विमानाच्या इंजिनावर असे. दाबाखालचं तेल नळ्यांनी टरेटपर्यंत यायचं आणि बरोबर मध्यभागी असलेल्या फिरत्या सांध्यातून आत शिरायचं. त्यामुळे एकात एक फिरणारी नळकांडी, बाजूंना तेलाची तोंडं आणि आत गोल गोल खाचा असा भाग हाती आला, तर आधी फ्रेझर-नॅश आठवा. या टरेटमध्ये बंदूक झाडण्याचं कामही तेलच करी. ट्रिगर दाबला की झडप उघडे आणि तेलाच्या दाबाने दट्ट्या सरके. बंदुकीच्या बैठकीजवळ बारीक तेलनळी जोडलेली दिसली तर ही खूण घट्ट होते.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या बोल्टन पॉलने मूळ फ्रेंच रचना घेऊन वेगळा मार्ग धरला. त्यांच्या टरेटमध्ये विजेची मोटर आणि तेलाचा पंप दोन्ही आतच बसवलेले. बाहेरून फक्त वीज यायची. म्हणून इथे तेलाचा फिरता सांधा नाही, त्याऐवजी पितळी कडी आणि त्यांवर घासणारे कार्बनचे ब्रश. बंदुकाही सोलेनॉइडने, म्हणजे विजेच्या चुंबकाने, झाडल्या जात. हॅलिफॅक्स बॉम्बर आणि डिफायंट फायटर ही या टरेटची मुख्य घरं.

अमेरिकन टरेटांना वीज विमानातूनच मिळे. मार्टिनचं पाठीवरचं, एमर्सनचं नाकातलं, बेंडिक्सचं बी-१७जीच्या हनुवटीखालचं, ही विजेच्या मोटरवर चालत. स्पेरीच्या गोल टरेटमध्ये आणि लिबरेटरच्या ए-६मध्ये विजेची मोटर तेलाचे पंप फिरवी. माझ्या पेटीच्या नळ्यांची तोंडं तेलाची होती, हे पट्टी सापडल्यावर नीट उमगलं.

एक भाग मुद्दाम सांगतो, कारण तो अनेकांना नुसतं पत्र्याचं वाकडंतिकडं कडं वाटतो. पाठीवरच्या गनरने भरात स्वतःच्याच विमानाची शेपटी उडवू नये, याची सोय करावी लागे. लँकेस्टरच्या पाठीवरच्या एफएन-५०मध्ये (एफएन म्हणजे फ्रेझर-नॅश) टरेटभोवती एक रूळ होता, वर-खाली लाटा घेतलेला. बंदुकीशी जोडलेली रोलर त्यावरून चाले. बंदूक शेपटीच्या दिशेला आली की रूळ उंच व्हायचा आणि नळ्या आपोआप वर उचलल्या जायच्या. रुळाचा असा तुकडा मी एकदा दोन्ही हातांत धरून बोटाने त्याची धार चाचपली आहे. जिथे लाट चढते तिथे रोलरने धातू गुळगुळीत झालेला होता. सपाट पट्टीवर अशी एकाच चढावर झीज होत नाही. हा चढ आणि ही झीज दिसली तर वस्तू टाकून देऊ नका. बोल्टन पॉलने तेच काम विजेने केलं: संपर्काच्या वाटेत काही ठिकाणी वीज न वाहणारे तुकडे बसवले, म्हणजे त्या दिशेला बंदूक झडायचीच नाही.

गनरच्या हातातली मूठ

मूठ सापडणं म्हणजे नशीबच. ओळखायलाही ती सोपी आहे. फ्रेझर-नॅशला मोटरसायकलच्या हँडलसारख्या दोन मुठी, डावी-उजवीकडे वळवल्या की टरेट फिरे, पुढे-मागे कलवल्या की नळ्या वर-खाली होत. बोल्टन पॉलला वैमानिकाच्या काठीसारखी एकच मूठ आणि तिच्यावर झाडण्याचं बटण. अमेरिकन मुठींवर ट्रिगरखेरीज आणखी एक लांबट पट्टी असते, मूठ आवळल्यावर दाबली जाणारी. गनर जखमी होऊन हात सुटला तर टरेट आपोआप थांबावं म्हणून ती सोय होती.

गोळ्यांची वाट, काच, नेम

इथे फार रेंगाळत नाही. गोळ्यांच्या वाटेची रुंदी मोजली की बंदूक कळते. ब्रिटिश टरेटांत बहुतेक ०.३०३ इंची ब्राउनिंग, अमेरिकन टरेटांत ०.५० इंची. लँकेस्टरच्या शेपटीतल्या एफएन-२०साठी १०,००० गोळ्या विमानाच्या धडातल्या पेट्यांत असत आणि तिथून लांबच लांब रुळांवरून मागे येत. त्यामुळे लँकेस्टरच्या धडात सापडलेला वाटेचा तुकडा टरेटचाच मानावा लागतो. पारदर्शक घुमट पर्स्पेक्स या प्लास्टिकचे, जुन्यांना पिवळट झाक आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. शेपटीच्या घुमटात समोरचा मधला तुकडा नसेल तर तो फुटलाच असं समजू नका. रात्री नीट दिसावं म्हणून गनर तो मुद्दाम काढून टाकत आणि उघड्या हवेत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत तासन्‌तास बसत.

जिथे हमखास फसगत होते

"लँकेस्टरचं टरेट" म्हणून दाखवलेली वस्तू अमेरिकन आट्यांची निघाली, तर विकणारा खोटा असेलच असं नाही. कॅनडात बांधलेल्या काही लँकेस्टरांना मार्टिनचं टरेट बसवलं होतं. ब्रिस्टलच्या बी-१७ टरेटवर, म्हणजे २० मिलिमीटरच्या दोन तोफा असलेल्या घुमटावर, "युद्धातलं" अशी चिठ्ठी दिसली तर थबका. ते लिंकन विमानावर आलं आणि लिंकन सेवेत दाखल झालं १९४५ च्या ऑगस्टमध्ये. पुढे शॅकल्टनवरही ते होतं. नावात घोळ होऊ देऊ नका, बी-१७ हे अमेरिकन बॉम्बरचंही नाव आहे.

ताडून बघायला कुठे जायचं

ब्रिटिश एअर पब्लिकेशन आणि अमेरिकन टेक्निकल ऑर्डर या मालिकांतल्या पुस्तिकांत भाग सुटे करून काढलेली चित्रं असतात. त्यांच्या जुन्या प्रती आणि छायाप्रती मिळतात. पण चित्रापेक्षा खरं टरेट बघावं. लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये लँकेस्टर आर५८६८ आहे. लिंकनशरमध्ये ईस्ट कर्कबीला लँकेस्टर एनएक्स६११ आहे. ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात वेलिंग्टन बॉम्बर एन२९८० आहे, १९८५ मध्ये लॉख नेस तळ्यातून वर काढलेलं. गोड्या पाण्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं राहून अॅल्युमिनियम किती टिकतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. समुद्रातून आलेला तुकडा त्याच्या शेजारी ठेवला तर पापडासारखा वाटतो.

आपल्याकडे शोध घ्यायचा तर लिबरेटरचा. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर मोडतोड करून सोडून दिलेली लिबरेटर हिंदुस्तान एअरक्राफ्टने जुळवून उडती केली. १९४८ पासून भारतीय हवाई दलाने ती वापरली. सहा क्रमांकाचं स्क्वॉड्रन पुण्याच्या लोहगाव तळावरून या विमानांनी समुद्रावर टेहळणी करी, आणि शेवटची लिबरेटर १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांतली बरीच भारतातून गेलेली आहेत. ओटावा, अॅरिझोनातलं पिमा आणि ब्रिटनचं आरएएफ म्युझियम इथली विमानं आपल्या हवाई दलाची होती. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. पुण्याच्या बाजारात ए-६ची पेटी भेटली याचं म्हणूनच मला आश्चर्य वाटलं नाही, आनंद मात्र फार झाला.

चिठ्ठी लिहा

वस्तूला सुती दोऱ्याने जाड कागदाची चिठ्ठी बांधा. चिकटपट्टी नको, तिचा डिंक रंग उचकटतो. पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. जे मोजलं ते वेगळं, जे ऐकलं ते वेगळं, आणि जो अंदाज तो वेगळा. माझ्या पेटीवरची चिठ्ठी अशी आहे:

"मोजलेलं: झाकणाचे बोल्ट पाव इंच, २८ आटे, कोन ६० अंश. तेलाची तोंडं दोन. पट्टी: ए-६बी, मोटर प्रॉडक्ट्स. ऐकलेलं: विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे लोहगावकडच्या भंगारातून, जपानी. अंदाज: लिबरेटरचं शेपटीचं टरेट. घासलेलं नाही. लाकडी बुचं मूळची नाहीत, पण काढलेली नाहीत."